टीप अशीच का मारायची? शिलाई आणि मशीन एम्ब्रॉयडरीच्या नियमांमागची कारणं

गळ्याला कट द्या, अस्तर आधी भिजवा, टी-शर्टला एम्ब्रॉयडरीच्या मागून आधाराचा पेपर लावा, सुई बदला. शिवणक्लासला जा नाहीतर एखाद्या मास्तरांच्या हाताखाली बसा, ही वाक्यं सगळीकडे ऐकू येतात आणि का असं विचारलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं, असंच करतात. रोज एकच कापड शिवणाऱ्याला हे उत्तर पुरतं. पण आपल्याकडे नाशिकमध्ये एकाच आठवड्यात येवल्याच्या पैठणीचं ब्लाऊज, सातपूरच्या कंपनीचे युनिफॉर्म आणि ढोल पथकाचे टी-शर्ट असं सगळं एकाच मशीनवर येतं आणि तिथे पाठ केलेला नियम दगा देतो, पैठणीला जे चाललं ते टी-शर्टला चालत नाही. कारण माहीत असलं की नवीन कापड समोर आलं तरी काय करायचं ते तुमचं तुम्हाला ठरवता येतं, म्हणून इथे प्रत्येक पायरीला का ते सांगतेय.

माझं तर मत झालंय की सगळ्याच्या मुळाशी तीन गोष्टी आहेत. कापड हलतं, म्हणजे ताणतं, सरकतं, आटतं. धागा ओढतो. आणि सुई प्रत्येक टाक्याला भोक पाडते. पुढे जे काही येईल ते यातल्या कशाला ना कशाला आवर घालण्यासाठी आहे.

पायरी १: कात्री घेण्याआधी कापड ओढून बघा

किनारीला समांतर जातो तो उभा धागा. कापड हातात घ्या, आधी उभ्या दिशेने ओढा, मग आडव्या, मग तिरप्या. उभ्यात जवळजवळ काहीच हलत नाही, आडव्यात थोडंसं, आणि तिरप्यात चांगलंच लांबतं. मागावर उभे धागे आधीपासून घट्ट ताणून लावलेले असतात, मालेगावला लूम चालताना बघितला असेल तर हे लगेच डोळ्यासमोर येईल, आणि आडवा धागा त्यांच्या खालून-वरून वाकत जातो म्हणून त्याच्यात थोडी ढील राहते. तिरपं ओढल्यावर तर धागा लांबतच नाही, धाग्यांमधली चौकट कलंडते, म्हणून एवढी लवचिकता येते. उरेब, म्हणजे तिरप्यात कापलेली पट्टी गोल गळ्यावर गुळगुळीत बसते ती यामुळेच, सरळ कापलेली पट्टी गोलाला लावून बघा, चुण्या पडणारच.

आता पैठणीचं बघा. साडीचा काठ उभ्या धाग्याच्या दिशेने जातो आणि आपल्याला तो काठ बाहीच्या कडेला हवा असतो, म्हणजे बाहीची लांबी आडव्या धाग्यावर येते आणि दंडाभोवती उभा धागा फिरतो. उभा धागा तर ताणतच नाही! म्हणून काठाच्या बाह्या मापात शिवूनही दंडाला आवळतात, काकू तक्रार करतात की माप तर तेच दिलं होतं, आणि माप खरंच तेच असतं. कारण कळलं की उपाय सोपा आहे, काठाच्या बाहीचा घेर साध्या बाहीपेक्षा जरा सैल धरायचा.

टी-शर्टचं कापड विणलेलं म्हणजे फंद्यांचं असतं, स्वेटरसारखीच वीण फक्त बारीक. फंदा ओढला की लांबट होतो आणि सोडला की परत गोल होतो. या परत होण्यामुळे पुढे एम्ब्रॉयडरीत काय काय होतं ते येईलच.

अस्तर भिजवायचं का, तर सुती कापड मागावर आणि नंतर प्रोसेसिंगमध्ये ताणलेल्या अवस्थेत तयार होतं, पहिल्यांदा पाण्यात गेलं की तो ताण सुटतो आणि ते आटतं. ब्लाऊज शिवून झाल्यावर अस्तर आटलं आणि वरचं रेशीम नाही आटलं तर वरच्या कापडाला जास्तीची जागाच उरत नाही, ते फुगतं, सुरकुततं. म्हणून अस्तर भिजवा, सावलीत वाळवा, इस्त्री करा, मग कापा. पैठणी मात्र भिजवू नका हं, ती ड्रायक्लीनलाच जाणार आहे.

पायरी २: सुई कापड बघून निवडा, जी लावलेली आहे ती नको

सुईवरचा नंबर म्हणजे जाडी. ९०/१४ असं लिहिलेलं असेल तर ९० म्हणजे ०.९० मिलीमीटर, आणि १४ हा त्याच जाडीचा दुसरा, जुना नंबर. ७५/११ म्हणजे ०.७५ मिलीमीटर. दुकानात आपण ११, १४, १६, १८ असंच मागतो. जाड सुई मोठं भोक पाडते आणि रेशमात पडलेलं भोक बुजत नाही, म्हणून पैठणीला ११ नंबरची टोकदार आणि नवी सुई. नवी का, तर बोथट सुई धागा बाजूला न सारता तोडते किंवा ओढून घेते आणि रेशमावर लगेच रेघ उमटते. टाचण्या पण बारीक घ्या आणि मार्जिनमध्येच, म्हणजे टीपेबाहेर सोडलेल्या कापडातच टोचा. जीन्सला उलट, तिथे ११ ची सुई वाकते आणि वाकली की खाली फिरणाऱ्या, दोरा पकडणाऱ्या हुकावर आपटून तुटते, म्हणून १६ किंवा १८.

टी-शर्टला टोक गोलसर असलेली, बॉल पॉइंट सुई लागते. टोकदार सुई फंद्याचा धागाच छेदते, एक फंदा तुटला की शेजारचे सुटत जातात आणि दोन-तीन धुण्यांनंतर टीपेजवळ छोटी छोटी भोकं दिसायला लागतात. गोल टोक फंद्याला बाजूला सारून मधून जातं.

सुई नीट निरखून बघितलीत तर एका बाजूने लांब रेघ म्हणजे खाच दिसेल आणि मागे नेढ्याच्या वर एक खोलगट भाग. सुई खाली जाताना दोरा त्या रेघेत दडून जातो, घासत नाही. सुई तळाला पोचून जराशी वर उठते तेव्हा मागच्या बाजूचा दोरा कापडाला धरून राहतो आणि त्याचा छोटा फास तयार होतो, त्या खोलगट जागेतून हुकाचं टोक येतं आणि तो फास पकडतं. एवढ्यासाठी सगळी करामत! म्हणून सुई उलटी बसली तर टाका पडतच नाही. कुठल्याही मशीनला चालणारी एकच खूण लक्षात ठेवा, लांब रेघ ज्या बाजूला आहे त्या बाजूनेच दोरा ओवायचा.

टाके सुटतात तेव्हाही हेच आठवा. सुई वर येताना कापडही तिच्याबरोबर वर उचललं गेलं तर फास तयारच होत नाही आणि हुक रिकामं फिरतं. मऊ, लवचिक कापडात हे फार होतं. मशीन बिघडलं म्हणून मेकॅनिकला फोन करण्याआधी सुई बदला, कापड नीट दाबलं जातंय का बघा.

पायरी ३: टेन्शनला हात लावण्याआधी दोरा परत ओवा

१८३० मध्ये फ्रान्समध्ये थिमोनिये नावाच्या शिंप्याने ज्या मशीनचं पेटंट घेतलं ते आकड्याच्या सुईने साखळी टाका घालायचं, एकच दोरा. साखळी टाक्याचा स्वभाव असा की शेवटचं टोक मोकळं राहिलं तर ओढल्यावर सगळी साखळी उसवत येते, सिमेंटच्या गोणीचं तोंड उघडताना आपण हेच करतो. आरी वर्कमध्ये, म्हणजे आकड्याच्या सुईच्या भरतकामात पण साखळीच असते म्हणून तिथे शेवटची गाठ एवढी महत्त्वाची. १८४६ मध्ये एलियास हाऊने अमेरिकेत पेटंट घेतलं त्या मशीनमध्ये सुईचं नेढं टोकाजवळ होतं आणि खालून शटलचा दुसरा दोरा यायचा, दोन दोरे एकमेकांत अडकायचे. आपल्या घरातल्या मशीनचा टाका हाच. एक दोरा तुटला तरी सगळी टीप सुटत नाही, पण सुरुवात आणि शेवट मोकळा राहिला तर तिथून ढिला होत जातो म्हणून तीन-चार टाके मागे-पुढे घ्यायचे.

हे दोन दोरे कापडाच्या मध्ये, जाडीत अडकले पाहिजेत. वरचा दोरा टेन्शनच्या, म्हणजे दोऱ्याची ओढ ठरवणाऱ्या चकत्यांतून येतो, खालचा बॉबिन केसच्या (खालच्या दोऱ्याची रीळ बसते त्या डबीच्या) पट्टीखालून, आणि दोघांची ओढ सारखी झाली की अडकण मध्ये येते. आता नेहमीचा घोळ, खालच्या बाजूला दोऱ्याचे गुंते आले की सगळे बॉबिन केसचा स्क्रू पिळायला घेतात. पण खाली जो जास्तीचा दोरा दिसतोय तो वरचा आहे! वरून त्याला कोणी धरलेलंच नाही म्हणून तो खाली ओढला जातोय. बहुतेक वेळा झालेलं एवढंच असतं की दोरा ओवताना फूट, म्हणजे कापड दाबून धरणारा भाग, खाली होता, फूट खाली असला की चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा त्यांच्या मध्ये न जाता वरूनच जातो. फूट वर करा, दोरा पूर्ण काढून परत ओवा. वरच्या बाजूला खालचा दोरा ठिपक्यांसारखा दिसत असेल तर मात्र वरची ओढ जास्त आहे, किंवा खालची कमी.

बॉबिन केस तपासायला दोरा धरून केस लोंबकळत सोडा आणि हलकासा हिसका द्या, थोडी खाली येऊन थांबली पाहिजे. सरळ खाली घसरली तर ढिली, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू पाव फेऱ्याच्या वर फिरवू नका.

बॉबिन भरताना पण मशीन फुल स्पीडला पळवू नका, पॉलिस्टरचा दोरा ताणला जाऊन भरतो, टीप मारल्यावर तो सावकाश मूळ लांबीला येतो आणि शिवताना सपाट दिसलेली टीप दुसऱ्या दिवशी चुण्या दाखवते.

पायरी ४: टीप मारताना खालचं कापड आणि वरचं कापड

मशीनचे दात खालच्या थराला पुढे ढकलतात आणि वरचा थर फुटाखाली घासून मागे राहतो. दोन सारख्या लांबीचे तुकडे लावले तरी शेवटी वरचा थोडा जास्त उरतो, सगळ्यांनी बघितलंय. म्हणून मास्तर लोक सांगतात की ज्या तुकड्यात कापड जास्त आहे तो खाली ठेवा. बाही मुंढ्याला, म्हणजे ब्लाऊजच्या बाहीच्या गोलाला लावताना बाहीच्या माथ्याला जरा जास्त कापड असतं, ती खाली दातांकडे ठेवली की दात स्वतःच ते जास्तीचं कापड सारखं वाटत आत घेतात, चुणी पडत नाही. आणि जिथे दोन्ही तुकडे अगदी सारखे हवेत, चेक्स किंवा काठ जुळवायचाय, तिथे मध्ये मध्ये टाचण्या किंवा कच्चा टाका, दुसरा इलाज नाही.

गोल गळा कापल्या कापल्या कडेपासून आत, मार्जिनमध्ये एकेरी टीप मारून ठेवा. गळ्याचा काही भाग तिरप्यात येतो आणि नुसतं उचलून ठेवतानासुद्धा तो लांबतो. एकदा लांबला की इस्त्रीने परत येत नाही आणि ब्लाऊज पुढून उभा राहतो.

टाक्याची लांबी साध्या सुती कापडाला २.५ मिलीमीटरच्या आसपास ठेवा. फार लहान टाका म्हणजे फार भोकं, रेशमात किंवा रेक्झिनमध्ये ते त्या रेघेवरच फाटायला लागतं, आणि उसवायची वेळ आली तर विचारूच नका. टी-शर्टला सरळ टीप का तुटते तर तिच्यात दोरा फक्त शिवणीच्या लांबीएवढाच असतो, डोक्यातून घालताना गळा ताणला की दोऱ्याला लांबायला जागाच नाही, मग तो तटकन तुटतो. बारीक झिगझॅग घेतला की त्या वाकड्या वाटेत जास्तीचा दोरा साठलेला असतो, कापडाबरोबर तोही सरळ होऊन लांबतो. इंटरलॉकची टीप म्हणूनच ताण सहन करते.

पैठणीच्या ब्लाऊजमध्ये अजून एक गोष्ट होते. रेशमाचा धागा गुळगुळीत, बगलेजवळ ताण आला की धागा तुटत नाही, टीपेपासून सरकतो, आणि तिथे विरळ जाळी दिसते. म्हणून मार्जिन भरपूर ठेवा आणि अस्तर अंगासरशी बसेल असं कापा, वरचं रेशीम केसभर सैल, म्हणजे ताण अस्तराने घ्यायचा आणि पैठणीने नुसतं दिसायचं.

पायरी ५: कट आणि इस्त्री, यांना सुट्टी नाही

गळ्याची पट्टी आत उलटवली की मार्जिनची कड गळ्याच्या रेघेपासून बाहेर, म्हणजे जास्त मोठ्या गोलावर जाऊन बसते, पण ती कापलेली असते लहान गोलात. कड आखूड, जागा लांब. म्हणून कट द्यायचे, ते कट उघडतात आणि कड पसरते. गोल कॉलरच्या बाहेरच्या कडेला उलट असतं, तिथे कड लांब आणि उलटल्यावर जागा कमी, म्हणून नुसता कट देऊन भागत नाही, छोटे त्रिकोण कापून काढावे लागतात नाहीतर आत कापडावर कापड चढून वरून गाठी दिसतात. दोन्हीकडे टीपेच्या एक-दोन धागे अलीकडे थांबा.

मग पट्टी आणि मार्जिन एकत्र धरून कडेजवळ एक टीप मारायची, वरच्या कापडाला न पकडता. ही टीप बाहेरून दिसत नाही पण पट्टीला आतच धरून ठेवते, ती नसेल तर अस्तर सारखं बाहेर डोकावतं.

इस्त्री आधी टीप मिटलेली असताना करा आणि मग मार्जिन उघडून. पहिल्या दाबाने दोरा कापडात बसतो, ओढीने आलेली बारीक सुरकुती जाते. शिवून झाल्यावर एकदम शेवटी इस्त्री करू असं म्हणणाऱ्यांना मी नेहमी सांगते, आतल्या शिवणीवर दुसरी शिवण चढली की खालची परत कधीच सपाट होत नाही. जरीवर थेट गरम इस्त्री नको, वर सुती कापड टाका.

पायरी ६: एम्ब्रॉयडरी आधी, कापणं नंतर

ब्लाऊजच्या पाठीवर मोर काढायचा असेल तर आधी अख्ख्या कापडावर ब्लाऊजची आखणी करा, आतमध्ये एम्ब्रॉयडरी करून घ्या, आणि मग परत माप टाकून कापा. हजारो टाके पडतात आणि प्रत्येक टाका कापडाला थोडं थोडं आत ओढतो, आधी कापलेला तुकडा एम्ब्रॉयडरीनंतर मापात राहत नाही. शिवाय छोटा तुकडा फ्रेममध्ये नीट धरता येत नाही. आरीवाले अड्ड्यावर, म्हणजे त्यांच्या मोठ्या लाकडी चौकटीवर कापड ताणून नुसती आखणी करून काम करतात ते याचसाठी.

टी-शर्ट तर शिवलेलाच येतो, तिथे इलाज नाही, म्हणून तिथे फ्रेम आणि पेपर यांच्यावर सगळा भार.

पायरी ७: फ्रेम आणि पेपर

साधं सुती कापड फ्रेममध्ये ढोलाच्या पानासारखं ताठ बसलं पाहिजे, बोटाने टकटक केलं तर आवाज यावा. सैल असेल तर सुईबरोबर कापड वर-खाली होतं, टाके सुटतात आणि डिझाइन सरकतं. हाच नियम लोक टी-शर्टला लावतात आणि तिथेच घात होतो. फंदे ताणलेल्या अवस्थेत तुम्ही लोगो काढला, तो टाक्यांनी तसाच पक्का झाला, फ्रेम सोडली की आजूबाजूचे फंदे मूळ जागी परतले आणि लोगोभोवती लाटा उठल्या. इस्त्रीने जात नाहीत त्या. टी-शर्टसाठी पेपर ताठ धरायचा आणि कापड त्याच्यावर नुसतं सपाट, न ताणता बसवायचं. पेपर फ्रेममध्ये लावून त्याला स्प्रेचा गोंद मारून वर टी-शर्ट चिकटवला तरी छान होतं.

पेपर कुठला, याचं उत्तर कापड आयुष्यभर हलणार आहे की नाही यावर. सुती कुर्ता, युनिफॉर्मचं कापड, हे फारसं ताणत नाही, तिथे फाडून काढायचा पेपर पुरतो, तो फक्त मशीनवर असेपर्यंत आधार देतो. टी-शर्ट प्रत्येक वेळी अंगात घालताना ताणणार, धुताना ताणणार, त्याला कायमचा आधार हवा, म्हणून न फाटणारा, कात्रीने कापायचा पेपर आणि तो मागे तसाच ठेवायचा. पैसे वाचवायला फाडायचे दोन थर घालून एक जाड पेपर केल्याचं समाधान मानू नका, दोन थर पण फाटतातच.

टॉवेलवर किंवा मखमलीवर नाव काढायचं असेल तर वरून पाण्यात विरघळणारी पातळ फिल्म ठेवा, नाहीतर टाके लवीत बुडतात आणि अक्षर दिसत नाही.

एम्ब्रॉयडरीचा वरचा दोरा शिलाईपेक्षा ढिला ठेवतात, मुद्दाम. इथे अडकण कापडाच्या मध्ये नको, मागच्या बाजूला हवी, म्हणजे वरून खालचा दोरा अजिबात दिसणार नाही. सॅटिनचा पट्टा (शेजारी शेजारी घातलेल्या लांब टाक्यांचा) उलटून बघा, मधला साधारण एक तृतीयांश भाग पांढऱ्या बॉबिनचा आणि दोन्ही बाजूला रंगीत दोरा असेल तर टेन्शन बरोबर.

दोरा रेयॉनचा घ्यायचा की पॉलिस्टरचा? रेयॉनला चमक मऊ आणि सुंदर, पण ओलं झालं की त्याची ताकद कमी होते. पथकाचे टी-शर्ट मिरवणुकीत घामाने भिजणार, गुलाल लागणार, खसाखसा धुतले जाणार, तिथे पॉलिस्टरच. पैठणीच्या ब्लाऊजवर रेयॉन घालायला माझी हरकत नाही. जरीचा दोरा चालवताना स्पीड कमी करा आणि मोठ्या नेढ्याची सुई लावा, कारण दोऱ्याचा प्रत्येक तुकडा टाक्यात बसण्याआधी नेढ्यातून कितीतरी वेळा मागे-पुढे घासला जातो आणि जरीवरचं चकचकीत आवरण या घासण्यानेच सोलतं.

पायरी ८: पंचिंग करताना काय सांगायचं

पंचिंग म्हणजे डिझाइनची मशीनला कळणारी टाक्यांची फाइल बनवणं. डिझाइन बाहेरून पंच करून घेत असाल तरी हे माहीत हवं, नाहीतर पंचिंगवाला कुठल्या कापडासाठी फाइल बनवतोय हे त्याला कळतच नाही. जीन्सची फाइल टी-शर्टवर चालवू नका.

४० नंबरचा एम्ब्रॉयडरीचा दोरा साधारण ०.४ मिलीमीटर जाड, म्हणून भरणीच्या, म्हणजे आकार भरणाऱ्या टाक्यांच्या दोन ओळींमधलं अंतर पण ०.४ च्या आसपास ठेवतात, दोरा दोऱ्याला लागून बसतो आणि कापड झाकलं जातं. जास्त गच्च केलं तर छान भरेल असं वाटतं पण होतं उलटं, दोऱ्याला बसायला जागा नसते, कापड कडक पुठ्ठा होतं आणि भोकांवर भोकं पडून कापड फाटतं.

भरणीच्या आधी खाली अंडरलेचे विरळ टाके घालतात. ते दिसत नाहीत म्हणून वेळ वाचवायला काढून टाकणारे लोक आहेत, आणि मग कडा दातेरी का आल्या म्हणून मशीनला दोष देतात. अंडरले आधी कापड पेपरला जखडतो, म्हणजे वरची भरणी ओढायला लागेल तेव्हा कापड हलत नाही, आणि सॅटिनला खालून उठाव पण देतो.

सॅटिनचा पट्टा १ मिलीमीटरपेक्षा अरुंद नको, भोकं जवळ येऊन कापड कापलं जातं, आणि ७ च्या पुढे गेलं की लांब मोकळे दोरे बोटात, घड्याळात अडकतात, तिथे भरणीचा टाका घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. टाका ज्या दिशेने पडतो त्या दिशेने आकार आकसतो, आणि त्याच्या काटकोनात, जिकडे ओळी वाढत जातात तिकडे आकार बाहेर ढकलला जातो. आडव्या टाक्यांनी भरलेला गोल रुंदीला कमी आणि उंचीला जास्त येतो, अंडाकृती. म्हणून फाइलमध्ये गोल मुद्दाम टाक्याच्या दिशेने थोडा रुंद काढतात, सुती कापडाला साधारण ०.२ मिलीमीटर, टी-शर्टला ०.४ पर्यंत. स्क्रीनवर तो वाकडा दिसतो, कापडावर गोल येतो. आणि डिझाइन मधून सुरू करून बाहेरच्या दिशेने न्यायचं, म्हणजे ढकललं जाणारं कापड बाहेर निसटतं. बाहेरून आत आलात तर सगळं मध्ये कोंडून फुगा येतो.

पायरी ९: मराठी अक्षरं

सॉफ्टवेअरमधले तयार नियम बहुतेक रोमन अक्षरांसाठी असतात, आपल्या अक्षरांना वेगळा विचार लागतो, आणि पथकाचं नाव तर मराठीतच पाहिजे.

काना किंवा अक्षराचा दंड उभा, त्यात टाके आडवे, म्हणजे तो बारीक होतो आणि वर-खाली लांबतो. शिरोरेखा आडवी, तिच्यात टाके उभे, म्हणजे तिची जाडी कमी होते आणि ती दोन्ही टोकांना पुढे सरकते. दोघांची भरपाई वेगवेगळ्या दिशेने करावी लागते, एकच आकडा टाकून भागत नाही. मी आधी अक्षरांची अंगं काढून घेते आणि शिरोरेखा शेवटी वरून फिरवते, त्यामुळे वर लांबलेली दंडांची टोकं तिच्याखाली झाकली जातात. लांब नाव असेल तर शिरोरेखा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे एका दमात न नेता मधून दोन्हीकडे न्यायची, नाहीतर शेवटच्या अक्षरापर्यंत कापड ढकललं जाऊन तिथे सुरकुती जमते.

अनुस्वार फार लहान केला तर एकाच जागी सात-आठ टाके पडून भोक होतं किंवा खाली गुंता होतो, त्याला अक्षराच्या मानाने थोडा मोठाच ठेवा. रफार, वेलांटी, खालचा उकार, या सगळ्यांना जागा लागते, वर एक मजला आणि खाली एक मजला, म्हणून रोमनमध्ये ५-६ मिलीमीटर उंचीचं नाव वाचता येतं तसं मराठीत येत नाही. मात्रा-उकार धरून १२ मिलीमीटरच्या खाली मी उतरत नाही. जोडाक्षरं गच्च असतील, 'क्ष्म', 'द्ध' वगैरे, तर आतली पोकळी मुद्दाम जास्त उघडी ठेवा, दोरा फुगून ती मिटते. ग्राहक छोटंच हवं म्हणून अडून बसला तर मी ६० नंबरचा बारीक दोरा आणि बारीक सुई घेते, तरीही आधी नमुना दाखवल्याशिवाय काम घेत नाही.

पायरी १०: नमुना आणि शेवटचा हात

नमुना त्याच कापडाच्या तुकड्यावर, त्याच पेपरवर, त्याच दोऱ्याने. मांजरपाटावर ब्लाऊजचं माप तपासता येतं पण टी-शर्टचा लोगो नाही तपासता येत. पन्नास टी-शर्टची ऑर्डर असेल तर एक टी-शर्ट जास्तीचा मागून घ्या आणि त्याच्यावर काढा, धुवा, वाळवा, मग बाकीचे लावा, कारण ओढाताणीचा खरा परिणाम धुतल्यावर दिसतो.

झाल्यावर सुटे दोरे कापा. फाडायचा पेपर ओढताना एका हाताचा अंगठा टाक्यांवर दाबून ठेवा, नाहीतर पेपरबरोबर टाकेही ओढले जातात. कापायचा पेपर लोगोच्या भोवती अर्धा-पाऊण सेंटीमीटर ठेवून कापा आणि कोपरे गोल करा, टोकदार कोपरे अंगाला टोचतात आणि दुमडले की बाहेरून उंचवटा दिसतो. इस्त्री उलट्या बाजूने, खाली जाड टॉवेल ठेवून, म्हणजे सॅटिनचा उठाव चेपत नाही. आणि टी-शर्ट देताना पथकाच्या मुलांना सांगा, उलटा करून धुवा, लोगोवर ब्रश मारू नका, पिळताना लोगोचा भाग सोडून पिळा.